राखणदाराचं बिऱ्हाड

अमेरिकेत सर्वात जास्त शेळ्या-मेंढ्या टेक्सास राज्यात आहेत. कळप आहेत म्हणून त्यांच्या मागावर लांडग्याच्या कुळातले कोयोट आहेत आणि कोयोट आहेत म्हणून कळपाची राखण करणारे मोठाले पांढरे कुत्रे आहेत. गोष्ट इथंच थांबली असती तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. पण यातल्या बऱ्याच कुत्र्यांची नसबंदी केलेली नसते. कुंपण त्यांना फार काळ अडवत नाही. एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात आणि एवढी पिल्लं कुठल्याच कळपाला लागत नाहीत. मग ती फुकट वाटली जातात, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पिकअप गाडीच्या मागं ठेवून विकली जातात, शहरातल्या घरांत जातात. वर्षभरात त्या कापसाच्या गोळ्याचा पन्नास किलोचा कुत्रा होतो. तो रात्रभर भुंकतो, फाटक उघडं दिसलं की निघून जातो आणि हाक मारली तर एकदा वळून बघून पुढं चालू लागतो. टेक्सासमधल्या हमरस्त्यांच्या कडेला जे मळकट पांढरे कुत्रे भटकताना दिसतात त्यांच्यात हे बरेच असतात.

या जातीचं नाव ग्रेट पिरेनीज. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातून ती आली. नर खांद्याशी सत्तर-ऐंशी सेंटिमीटर उंच असतो. केसांचे दोन थर असतात, वर लांब आणि राठ, खाली दाट आणि मऊ. मागच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूनं जादा नखांची जोडी असते. रस्त्यावर सापडलेल्या चिखलमाखल्या, केसांच्या जटा झालेल्या कुत्र्यात पिरेनीजचं रक्त आहे का, याचा अंदाज बांधायला रेस्क्यू संस्थांचे, म्हणजे अशा कुत्र्यांना वाचवून घर शोधून देणाऱ्या संस्थांचे, स्वयंसेवक आधी त्याचा मागचा पाय उचलून बघतात. ही नखं जमिनीला घासत नाहीत, म्हणून झिजत नाहीत. कापली नाहीत तर वळून मांसात रुततात. सोडून दिलेला कुत्रा किती दिवस कुणाच्या हाती लागलेला नाही हे ती नखं सांगून जातात.

सतराव्या शतकात हा कुत्रा फ्रान्सच्या राजदरबारात पोचला होता, पण त्याची खरी जागा डोंगरातच होती. उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणांत जात, तिथं लांडगे आणि अस्वलं असत, आणि मेंढपाळ झोपला तरी कुत्रे जागे असत. पुढं युरोपात लांडगे मारले गेले, अस्वलं मोजकी उरली आणि या कुत्र्याचं काम संपत आलं. अमेरिकेत 1933 साली जातीला केनेल क्लबची मान्यता मिळाली ती प्रदर्शनातला देखणा कुत्रा म्हणून. प्रदर्शनासाठी वाढलेल्या पिढ्यांनी मेंढी क्वचितच पाहिली.

त्याला पुन्हा कामाला लावलं एका सरकारी आदेशानं. अमेरिकेतले पशुपालक कोयोट मारण्यासाठी सर्रास विष पेरत. ते विष गरुडांपासून पाळीव कुत्र्यांपर्यंत कुणालाही मारत असे. फेब्रुवारी 1972मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर अशी विषं वापरायला बंदी घातली. पशुपालक संतापले, मग दुसरा उपाय शोधू लागले. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर हे दांपत्य मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करत होतं. युरोप आणि तुर्कस्तानातले मेंढपाळ हजारो वर्षं जे करत आले ते अमेरिकेत जमतं का, हे पाहायचं त्यांनी ठरवलं. इटलीचे मारेम्मा, युगोस्लाव्हियाचे शारप्लानिनाक, तुर्कस्तानचे अनातोलियन अशा जातींचे कुत्रे आणून त्यांची पिल्लं त्यांनी शेतकऱ्यांना दिली आणि ती काय करतात याच्या नोंदी ठेवल्या. आयडाहोतल्या ड्युबॉइस इथल्या सरकारी मेंढी संशोधन केंद्रातही त्याच सुमारास असे प्रयोग सुरू झाले. कुत्रे कामाला आले. दहा-पंधरा वर्षांत पिरेनीजसह असे राखण्या कुत्रे अमेरिकेच्या पश्चिम भागात सगळीकडे दिसू लागले.

या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्यांना पहिली अडचण येते ती लोकांच्या डोक्यातल्या ‘मेंढपाळ कुत्र्या’ची. सिनेमात दिसतो तो बॉर्डर कॉली. मालकानं शीळ घातली की डावीकडे, दुसरी घातली की उजवीकडे. तो मेंढ्या हाकतो आणि त्याचा एक डोळा कायम माणसावर असतो. राखण करणारा कुत्रा याच्या अगदी उलट घडवलेला आहे. लांडगा रात्री दोन वाजता येतो तेव्हा शीळ घालणारं कुणी जवळ नसतं. धोका आहे की नाही, भुंकून भागेल की पुढं जायला हवं, कळप सोडून किती लांब जायचं, हे सगळं त्यानं एकट्यानं ठरवायचं असतं. गावचा जागल्या पाटलाला उठवून परवानगी मागत बसला तर चोर कधीच पसार झालेला असेल, तसंच हे. ज्या कुत्र्यांना असं ठरवता येत होतं त्यांचीच पुढं पैदास झाली. तेव्हा ‘हा ऐकतच नाही’ ही तक्रार खरीच आहे. फक्त न ऐकणं हाच त्याच्यातला जपलेला गुण आहे हे तक्रार करणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

भुंकण्याचंही तेच. लढाई हा या कुत्र्याचा शेवटचा उपाय. आधी तो हद्दीवर जागोजागी मुतून आपण इथं आहोत हे कळवतो. रात्री थोड्या थोड्या वेळानं, समोर काही नसतानाही, खर्जातला आवाज लावतो. कोयोटानं तो आवाज ऐकून वाट बदलली की काम झालं, रक्त सांडलं नाही. दिवसा तो सावलीत पडून असतो. बंगल्यांच्या वसाहतीत, शेजारच्या खिडकीपासून तीस फुटांवर, हेच रात्रपाळीचं काम पोलिसांपर्यंत जातं.

कधी कधी मात्र शेवटचा उपायही करावा लागतो. नोव्हेंबर 2022मध्ये जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर इथं एका मेंढ्यांच्या फार्मवर रात्री कोयोटांची टोळी आली. तिथल्या कॅस्पर नावाच्या जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांच्या पिरेनीजनं त्यातले आठ मारले. शेपटीचा तुकडा गेला, अंगावरची कातडी जागोजागी सोलली गेली आणि तो दोन दिवस गायब झाला. परत आला तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्यात येऊन पडला. पुढं तो बरा झाला आणि देशभर त्याचं कौतुक झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण अशा बातमीनं ज्याच्या मनात ‘आपल्याकडेही असा एक हवा’ असं येतं, त्यानं हेही लक्षात घ्यावं की तो कुत्रा मेंढ्यांमध्ये वाढला होता आणि ते त्याचं रोजचं काम होतं. तेच धाडस वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांसमोर कसं दिसेल?

सोडून दिलेल्या कुत्र्यांचं वय विचारलं तर बहुतेक वेळा आठ महिने ते दीड-दोन वर्षं हेच उत्तर येतं. याच वयात शरीर पूर्ण वाढत आलेलं असतं आणि राखणीची प्रवृत्ती जागी होते. काल दारात आलेल्या कुरियरवाल्याचे पाय चाटणारं पिल्लू आज त्याला फाटकातून आत येऊ देत नाही. घरच्यांना वाटतं, कुत्रा बिघडला. फार्मवरून काढून टाकलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या कागदावर ‘कोंबड्या मारतो’, ‘करडांच्या मागं पळतो’, ‘कुंपण ओलांडतो’ असं लिहिलेलं असतं. यातल्या काहींचा पिंडच राखणीचा नसतो, हे खरं. पण पुष्कळांना चार महिन्यांचे असताना शेळ्यांच्या गोठ्यात एकटं सोडून दिलेलं असतं, आता जातीचा आहे म्हणजे आपोआप शिकेल, या भरवशावर. शिकत नाही. त्या वयातल्या पिल्लाला खेळायचं असतं आणि कोंबडी हे पळणारं खेळणं असतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेचा सॅन अँजेलो इथं याच कुत्र्यांसाठी खास कार्यक्रम आहे. कुत्रा भरवशाचा व्हायला दीड-दोन वर्षं लागतात आणि तोवर माणसाचं किंवा जाणत्या कुत्र्याचं लक्ष हवं, हे तिथले लोक पशुपालकांना सांगत असतात. एवढा धीर धरणारे कमीच.

संस्थेच्या ताब्यात आलेल्या कुत्र्याची पहिली गाठ पशुवैद्याशी पडते. जटा भादराव्या लागतात. एरवी हे केस कापत नाहीत, कारण तेच ऊन आणि थंडी दोन्ही अडवतात. गोचिड्या, कानातले फोड, रुतलेली नखं हे सगळं आठवड्या-दोन आठवड्यांत आटोक्यात येतं. वेळ आणि पैसा खातो तो हार्टवर्म. डासाच्या चाव्यातून शिरणारा हा कृमी हृदय आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढतो, आणि मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेली दमट राज्यं हे त्याचं माहेरघर. उपचार सोपा नाही. आधी महिनाभर प्रतिजैविक. मग साठाव्या दिवशी कमरेच्या स्नायूत खोल एक इंजेक्शन, नव्वदाव्या दिवशी दुसरं, एक्याण्णवाव्या दिवशी तिसरं. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे पन्नास किलोच्या कुत्र्याचं बिलही त्याच मापाचं येतं. त्याहून कठीण म्हणजे या सगळ्या काळात आणि शेवटच्या इंजेक्शननंतरही काही आठवडे कुत्र्यानं पळायचं नाही. मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकून जीव जाऊ शकतो. हद्दीवर फेऱ्या मारण्यासाठी जन्मलेल्या जनावराला पाच-सहा महिने पट्ट्यावर आणि पिंजऱ्यात ठेवायचं, हे काम पगारी माणसं नव्हे तर कुठल्या तरी शिक्षिका, नर्स, निवृत्त माणसं आपल्या घरात करतात. त्यांना फॉस्टर म्हणतात. एखादी रेस्क्यू संस्था किती कुत्रे वाचवू शकते हे तिच्या बँक खात्यापेक्षा अशी घरं किती आहेत यावर ठरतं.

नसबंदीची शस्त्रक्रियाही या आकाराला जपूनच करावी लागते. गुंगीचं औषध निव्वळ वजनाच्या हिशेबानं दिलं तर महाकाय जातींना ते जास्त होऊ शकतं. हाडांची वाढ संपायला दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांना त्रास होण्याची भीती असते. संस्था मात्र तेवढं थांबायला तयार नसतात. एक वेत वाढलं की पुन्हा तेच चक्र, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं असतं. मला त्यांचंच बरोबर वाटतं. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसतो आणि काही तासांत मृत्यू येतो, म्हणून अनेक पशुवैद्य त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात.

मग सुरू होतो खरा उद्योग, कुत्रा ओळखण्याचा. या कामातल्या लोकांच्या तोंडी एक ठोकताळा असतो. तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घराची शिस्त कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. पहिल्या तीन दिवसांत राखण्या कुत्रा फार शहाणा वाटतो. कोपऱ्यात पडून राहतो, कुणाला काही करत नाही. त्यावर भाळून त्याला कुणाच्या हवाली केलं की चौथ्या आठवड्यात फोन येतो. कारण ‘हे माझं’ असं त्यानं ठरवल्यावरच तो त्याची राखण करू लागतो. म्हणून पहिले काही आठवडे पाहुणे बोलावू नका, बाहेर नेताना पट्टा सोडू नका, घरच्या मांजराशी ओळख दाराच्या फटीतून करून द्या, अशा सूचना असतात. पट्ट्याची सूचना तर जन्मभराची. कितीही लाडका झाला तरी मोकळ्या मैदानात सोडलेला पिरेनीज आपली हद्द मोजायला निघतो, आणि त्याच्या लेखी हद्द कुठं संपते हे त्यालाच ठाऊक.

घर पाहायला गेलेला स्वयंसेवक सोफा किंवा अंगण पाहत नाही. आधी कुंपण पाहतो. पाच-सहा फूट उंच आहे का, खालून उकरता येईल का, फाटकाची कडी नाकानं ढकलून उघडते का? जमिनीत तार पुरून गळ्यातल्या पट्ट्याला विजेचा झटका देणारं अदृश्य कुंपण अमेरिकेत लोकप्रिय आहे. या जातींसाठी बहुतेक संस्था ते चालवून घेत नाहीत. कोयोट दिसला की कुत्रा झटका सोसून बाहेर पडतो, आणि काम आटोपल्यावर पुन्हा झटका खाऊन आत यायचं त्याला काहीच कारण उरत नाही. मग शेजाऱ्यांची चौकशी होते. रात्री कुत्रा घरात झोपेल की बाहेर, हे विचारलं जातं. बाहेर म्हणालात तर शेजारी किती लांब, हा पुढचा प्रश्न. घरात आधीच थोराड मादी असेल तर दुसरी मादी सहसा देत नाहीत. समान लिंगाच्या दोन राखणदारांचं हाडवैर जडलं तर ते मिटवणं कुणाच्याच हातात राहत नाही. करारात एक कलम हमखास असतं. काही कारणानं कुत्रा ठेवणं जमलं नाही तर तो आमच्याकडेच परत आणायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही.

टेक्सासमध्ये एवढी घरं मिळत नाहीत. म्हणून कुत्रे उत्तरेला जातात. कोलोरॅडो, वॉशिंग्टन राज्य, शिकागोचा परिसर. तिथं थंडी आहे, भटके कुत्रे कमी आहेत आणि मोठा पांढरा कुत्रा हवा असणारी माणसं आहेत. पशुवैद्याचा दाखला घेऊन, पिंजऱ्यांनी भरलेल्या व्हॅनमधून, दोन चालक आळीपाळीनं गाडी हाकत दोन-तीन दिवसांत हजारो किलोमीटर जातात. ठरलेल्या पार्किंगमध्ये नवे मालक पट्टा हातात धरून उभे असतात. हे दृश्य समाधान देणारं असलं तरी त्याकडे थोडं संशयानंही पाहायला हवं. दक्षिणेतून जितके कुत्रे बाहेर जातील तितकी तिथल्या पशुपालकाची नड भागते, आणि पुढच्या वेताचं काय करायचं ही काळजी त्याची राहत नाही. त्याची एक ठाम समजूत आहे, की नसबंदी केलेला कुत्रा मऊ पडतो. तसं नाही. खच्ची केलेले कुत्रेही तितकीच चांगली राखण करतात, उलट माद्यांच्या मागं दूर भटकत नाहीत. व्हॅनच्या पेट्रोलवर जातात त्यातले थोडे पैसे फार्मवर जाऊन फुकट नसबंदी करण्यावर गेले, तर कमी कुत्र्यांना प्रवास करावा लागेल. काही संस्था हे करूही लागल्या आहेत. पण त्याचे फोटो व्हॅनच्या फोटोंइतके देखणे येत नाहीत, आणि देणगी फोटो पाहून येते.

या लोकांमध्ये एका प्रश्नावर कायमचे दोन तट आहेत. राखण्या कुत्र्याला पुन्हा कळपावर पाठवावं की घरातच द्यावं? घराच्या बाजूचे म्हणतात, ज्या फार्मवाल्यांनी त्याला उपाशी ठेवलं, हार्टवर्मची गोळी दिली नाही, त्यांच्याच हाती पुन्हा का द्यायचा? कामाच्या बाजूचे म्हणतात, शेळ्यांत वाढलेल्या कुत्र्याला गालिच्यावर बसवणं ही त्याच्यावर केलेली दया नाही. मला दुसरी बाजू जवळची वाटते, पण एका अटीवर, आणि ती अट कशी पाळता येते हे बघायला नामिबियाला जावं लागतं.

तिथं लॉरी मार्कर यांनी स्थापन केलेली चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था 1994पासून तुर्कस्तानी वंशाचे अनातोलियन आणि कांगल कुत्रे शेतकऱ्यांना देते. उद्देश कुत्र्यांचं पुनर्वसन नसून चित्त्यांचा बचाव आहे. शेळ्या सुरक्षित राहिल्या की शेतकरी चित्ता दिसताच गोळी घालत नाही. पण कुत्रा देऊन संस्था मोकळी होत नाही. माणसं ठरावीक काळानं फार्मवर जातात, कुत्र्याचं वजन बघतात, लस देतात, तो कळपासोबत जातो की घराशी घुटमळतो हे विचारतात. हेळसांड दिसली तर कुत्रा काढून घेऊन दुसरीकडे देतात. दिलेला कुत्रा परत घेण्याचा हक्क आणि तो हक्क बजावायला जीपमधून जाणारा माणूस, या दोन गोष्टी असतील तर फार्मवर देणं चुकीचं नाही. टेक्सासच्या बऱ्याच संस्थांकडे कागदावर हक्क असतो, जीपमधला माणूस नसतो.

काम नसलेल्या जागी, नुसत्या हौसेपोटी अशी जात वाढली की काय होतं, याचं सर्वात मोठं उदाहरण चीनचं. तिबेटी मॅस्टिफ हा पठारावरच्या पशुपालकांचा, याकांच्या कळपाचा आणि तंबूचा राखणदार. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमधल्या नवश्रीमंतांना तो सिंहासारखा दिसू लागला. मानेवरची आयाळ जितकी दाट तितकी किंमत वर. 2014च्या मार्चमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या झेजियांग प्रांतात एका बांधकाम व्यावसायिकानं सोनेरी रंगाचं एक वर्षाचं पिल्लू 1 कोटी 20 लाख युआनना घेतल्याची बातमी जगभर छापून आली. असल्या किमतींतल्या काही विक्रेत्यांनीच हवा करायला घडवून आणलेल्या होत्या असं तेव्हाही बोललं जात होतं. आयाळीसाठी दुसऱ्या जातींशी संकर झाले. मग फॅशन गेली, भ्रष्टाचारविरोधी मोहिमेनं दिखाऊ खर्चाला लगाम लागला, शहरांनी मोठ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. पैदासकेंद्रं बंद पडली. 2015मध्ये बीजिंगजवळ प्राणिमित्रांनी अडवलेल्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये इतर कुत्र्यांबरोबर वीसेक तिबेटी मॅस्टिफही निघाले.

ट्रकमध्ये भरले गेले नाहीत ते मोकाट सुटले. छिंगहाई प्रांताच्या पठारावर सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या झाल्या. त्यांनी याकांची वासरं मारली, माणसांवर हल्ले केले, हिमबिबट्यानं मारलेल्या शिकारीवरून त्यालाच हुसकलं. कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणारा हायडॅटिड हा आजार तिथं आधीच होता, तो आणखी पसरण्याची भीती वाढली. बौद्ध मठांनी या कुत्र्यांना खाऊ घातलं, कारण मारणं त्यांना मान्य नाही. स्थानिक लोकांनी मोठमोठी आश्रयस्थानं बांधली. तिथं दत्तक देणं हा पर्यायच जवळजवळ नव्हता. ज्या पशुपालकाच्या तंबूशी हा कुत्रा शोभला असता, तो स्वतः सरकारी वसाहतीत, पक्क्या घरात राहायला गेलेला होता. कळपच उरला नाही तर राखणदाराला पाठवायचं कुठं?

आपल्याकडे हे संकट लहान आकारात आणि उशिरा आलं. वातानुकूलित खोलीत ठेवलेले सेंट बर्नार्ड मुंबई-पुण्यात गेली काही वर्षं दिसतात. एप्रिल 2016मध्ये केंद्र सरकारनं व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणायला मनाई केली, पण तोवर पैदास इथंच सुरू झालेली होती. 12 मार्च 2024 रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला आणि आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करायला सांगितलं. त्या यादीत कांगल, अकबाश, शारप्लानिनाक, मध्य आशियाई आणि कॉकेशियन शेफर्ड असे अस्सल राखण्या जातींचे कुत्रे होते. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता काढलेलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं ते 10 एप्रिलला रद्द केलं. मधल्या महिनाभरात घरमालक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांना मात्र हातात एक कागद मिळाला होता. बंदीच्या नुसत्या चर्चेनं कुत्रे रस्त्यावर येतात, ही प्राणिसंस्थांची धास्ती खोटी नव्हती. नसबंदीचा भाग एरवी शहाणपणाचा होता. फक्त तो याद्या आणि भीती यांच्यासोबत आला.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डोईजड झालेल्या कॉकेशियन शेफर्डबद्दल बोलणं निघालं की कुणी तरी हमखास सुचवतं, धनगराला देऊन टाका की, मेंढ्या राखेल! कल्पना ऐकायला छान आहे. माण, खटाव, फलटण, बारामती या पट्ट्यातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन घर सोडतात, कुणी घाट उतरून कोकणाकडे जातात, वाटेत शेतांतून कळप बसवतात. लांडगा त्यांच्या मागं असतोच आणि वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, कुत्री असतातच. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्राही असतो, तेव्हा या जनावराचा मान त्यांना वेगळा शिकवायला नको. पण वाड्यावरचं कुत्रं सडसडीत असतं, भाकरीवर राहतं, कळपाबरोबर रोजची मजल चालतं, आणि डोळे उघडल्यापासून त्याच्या नाकाला मेंढीचा वास असतो. पिल्लू कुणाला आपलं मानणार, हे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत ठरतं. ते दिवस फ्लॅटमध्ये गेलेल्या कुत्र्याला मेंढी म्हणजे एक अनोळखी, पळणारं जनावर. ती त्याच्यापुढून पळाली तर तो मागं धावेल. कॉकस पर्वताच्या थंडीसाठी आलेले केस अंगावर घेऊन तो चैत्राच्या उन्हात माणच्या माळावर दुपारपर्यंतही चालणार नाही. शिवाय दिवसाला किलोभर खुराक लागणारं जनावर वाड्यावर पोसायचं कुणी? धनगर त्याला नाही म्हणेल, आणि त्यात कठोरपणा काही नाही. त्याला दोन महिन्यांचं पिल्लू चालेल, तेही आसपासच्याच एखाद्या वाड्यावरचं, ज्याची आई त्यानं लांडग्यावर धावताना पाहिली आहे.